युरोबॅगमधले 20 मिली

मार्च संपत आला होता, ऊसतोडीचे शेवटचे दिवस. दुपारी साडेचारला एका ऊसतोड मजूर बाईला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आमच्या ग्रामीण रुग्णालयात आणलं. वय तिशीच्या आत, वजन 42 किलो, बीपी 80/50. जीभ कोरडीठाक. हाताची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घातल्यावर 40 मिली लघवी आली, कोऱ्या चहासारखी. पुढच्या दोन तासांत युरोबॅगमध्ये, म्हणजे नळीला जोडलेल्या लघवीच्या पिशवीत, जेमतेम 20 मिली.

"सिस्टर, किडनी गेली का हिची?" नवरा सारखा तेच विचारत होता. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी मंदावली की रक्तात साचणारा कचरा, 2.8 आलं होतं, त्यामुळे नाही म्हणायची माझी हिंमत होईना.

निरोगी माणसाच्या दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी रक्तातून गाळतात. लघवी मात्र दीड-दोन लिटरच होते. बाकीचं सगळं किडनीतल्या बारीक नळ्या परत रक्तात ओढून घेतात. अंगातलं पाणी कमी झालं की मेंदूतून एडीएच हे संप्रेरक जास्त सुटतं आणि नळ्या आणखी पाणी राखतात. म्हणून लघवी थोडी आणि गडद. तिची किडनी थेंब न् थेंब वाचवत होती. घात केला तो गोळ्यांनी. कंबर दुखते म्हणून तीन दिवस डायक्लोफिनॅक चालू होती, दिवसाला तीन-चार. रक्ताचा पुरवठा घटला की गाळणीकडे येणारी बारीक रक्तवाहिनी उघडी ठेवायला किडनी प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन वापरते, आणि ही गोळी नेमकं तेच बनू देत नाही. मग गाळायला दाबच उरत नाही.

डॉक्टरांनी सलाईन जोरात सोडायला सांगितलं. प्रत्येक बाटलीनंतर ते छातीला स्टेथोस्कोप लावून फुप्फुसात पाणी साचत नाही ना, ते बघत. सकाळपर्यंत लघवी सुटली नाही तर डायलिसिससाठी जिल्ह्याला पाठवायचं ठरलं होतं.

रात्रभर मी दर तासाला बॅगेचा नळ सोडून मापात लघवी मोजत होते. तिच्या वजनाला तासाला निदान 21 मिली हवी. नऊला 10. दहाला 12. बारालाही 15 च. मधे ती जागी झाली तेव्हा मी विचारलं, "पाणी का गं पीत नव्हतीस?"

"पिलं का जावं लागतंय, बाई. फडात सगळी गडीमाणसं. अंधार असतानाच जाऊन येते, मग एकदम रातच्याला."

तीन वाजता मापात 35 आले. मी माप ट्यूबलाइटखाली धरून दोनदा वाचलं. पाचला 60, आणि रंग फिक्या पिवळ्यावर आलेला. नवरा बाकावर बसल्या बसल्या झोपला होता, त्याला हलवून उठवलं आणि माप दाखवलं. लघवी बघून कुणाला रडू आलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

चौथ्या दिवशी क्रिएटिनिन 1 पर्यंत उतरलं. डिस्चार्ज कार्डावर 'दुखण्याच्या गोळ्या घेऊ नयेत' हे मी लाल पेनाने लिहिलं. भरपूर पाणी पी, असं सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. मग नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, फडाच्या कडेला चार बांबू रोवून जुन्या लुगड्याचा आडोसा करता येईल का?

तो म्हणाला, "मुकादमाला इचारतो."