हबचा भार कुठे मोजायचा?

वन-वायर बसचा, म्हणजे एकाच डेटाच्या तारेवर अनेक उपकरणे जोडण्याच्या पद्धतीचा, सहा वाहिन्यांचा एक हब मी बरेच दिवस वापरतो आहे. त्याच्या तिसऱ्या वाहिनीवर 50 मीटर कॅट-5 केबल असून तिच्यावर डीएस18बी20 जातीचे आठ तापमान सेन्सर आहेत. मध्यंतरी त्याच केबलच्या टोकाला मी 5 व्होल्टचे दोन रिले (कॉइलमधल्या करंटने चालणारे स्विच) जोडले आणि त्यांची वीजही त्याच केबलमधून घेतली. तेव्हापासून दोन्ही रिले चालू झाले की टोकाकडचे सेन्सर यादीतून नाहीसे होत आणि रिले बंद होताच परत हजर होत.

संशय अर्थातच हबला वीज देणाऱ्या अ‍ॅडॉप्टरवर गेला. 1 ॲम्पिअरचा काढून 3 ॲम्पिअरचा लावला, पण काडीचाही फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता. हबच्या टोकावर मल्टिमीटर आधीही 5.02 व्होल्ट दाखवत होता आणि नंतरही तेवढेच. शिवाय लक्षणही वेगळे होते. डीएस18बी20 ची वीज मध्येच तुटून परत आली, तर नवी मोजणी होईपर्यंत तो 85 अंश हा ठरावीक आकडा सांगतो. माझ्या नोंदींत 85 कुठेच नव्हते. सेन्सर चुकीचे उत्तर देत नव्हते, तर त्यांचे उत्तर हबपर्यंत पोहोचतच नव्हते. हा धागा मी पहिल्याच दिवशी धरायला हवा होता.

अखेर मल्टिमीटर घेऊन केबलच्या दुसऱ्या टोकाला गेलो. कॅट-5 मधील एका तारेचा रोध 100 मीटरला साधारण 8.4 ओहम असतो. म्हणजे 50 मीटर जाऊन परत येण्याच्या वाटेवरही तेवढाच. अशा छोट्या रिलेची कॉइल 70 ओहमच्या आसपास असते, तेव्हा दोन मिळून 140 मिलिॲम्पिअर आणि सुमारे 1.2 व्होल्टची घट, असा माझा कागदावरचा हिशेब होता. प्रत्यक्षात व्होल्टेज उतरले की कॉइलही कमी करंट ओढते, त्यामुळे टोकाशी 4.05 व्होल्ट भरले. सेन्सर 3 व्होल्टपर्यंत चालतो, म्हणून विजेच्या बाजूने तक्रारीला जागाच नव्हती.

खरी अडचण या घटीच्या निम्म्या भागात होती. सुमारे 0.97 व्होल्टपैकी अर्धी घट ग्राउंडच्या, म्हणजे करंटच्या परतीच्या, तारेत होते, म्हणजे टोकाकडच्या सेन्सरचे शून्य हबच्या शून्यापेक्षा जवळजवळ अर्धा व्होल्ट वर उचललेले असते. सेन्सर उत्तर देताना डेटाची तार आपल्या ग्राउंडकडे खेचतो; ती खेचल्यावरही तिच्यावर 0.3 ते 0.4 व्होल्ट राहू शकतात. त्यांत हा अर्धा व्होल्ट मिळवला की हबला दिसतात 0.8 ते 0.9 व्होल्ट, आणि 0.8 व्होल्टच्या वरच्या पातळीला ‘शून्य’ मानण्याचे बंधन हबवर नसते. उलट दिशेने हबचा आदेश मात्र सेन्सरला व्यवस्थित समजत असतो. बोलणे एकतर्फी तुटते, आणि म्हणूनच हा दोष सहजी हाती लागत नाही.

हबची मर्यादा सांगताना ‘किती उपकरणे’ एवढेच विचारले जाते, ते मला अपुरे वाटते. वाहिन्या आलटूनपालटून जोडणाऱ्या हबमध्ये डेटाची तार एका वेळी एकाच वाहिनीची जोडलेली असते, पण वीज सर्व वाहिन्यांना सतत जाते. त्यामुळे विजेचा भार सहाही वाहिन्यांचा एकत्र मोजावा लागतो आणि केबलच्या कपॅसिटन्सचा (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेचा) भार प्रत्येक वाहिनीचा वेगळा. कॅट-5 च्या जोडीचा कपॅसिटन्स मीटरला सुमारे 50 पिकोफॅरड धरला, तर 100 मीटरला 5 नॅनोफॅरड होतात, आणि नेहमीच्या 4.7 किलोओहमच्या पुल-अपबरोबर, म्हणजे डेटाची तार एरवी 5 व्होल्टकडे ओढून धरणाऱ्या रोधाबरोबर, त्याचा कालांक (तारेचे व्होल्टेज किती सावकाश चढते याचे माप) 23 मायक्रोसेकंदांच्या पुढे जातो. तारेवर शून्य आहे की एक, हा वाचनाचा निर्णय मात्र पहिल्या 15 मायक्रोसेकंदांत व्हायचा असतो. म्हणून लांब केबलवर पुल-अप 1.5 किलोओहमपर्यंत उतरवतात. त्याहून फार खाली जाता येत नाही, कारण 0.4 व्होल्टवर 4 मिलिॲम्पिअर खेचण्याचीच हमी सेन्सर देतो.

पॅरासाइट पद्धतीने, म्हणजे डेटाच्याच तारेवरून, वीज देणाऱ्यांनी हाच हिशेब आणखी कडक धरावा. मोजणीच्या वेळी एक सेन्सर 1.5 मिलिॲम्पिअरपर्यंत मागतो, आणि 4.7 किलोओहममधून 5 व्होल्टवर सगळे मिळून जेमतेम 1 मिलिॲम्पिअर येतो. तिथे 12 बिटच्या, म्हणजे सर्वांत बारकाईच्या, मोजणीचे 750 मिलिसेकंद तार थेट विजेला जोडून धरणारा हब लागतोच.

केबलमधल्या रिकाम्या तारा ग्राउंडला जोडून तिचा रोध घटवावा, असे आधी मनात आले होते. पण त्याने डेटाच्या तारेचा कपॅसिटन्स वाढतो, म्हणून तो बेत सोडला. त्याऐवजी रिलेंना टोकाशीच स्वतंत्र अ‍ॅडॉप्टर दिला आणि कॉइलच्या करंटची वाट तिथल्या तिथे पूर्ण केली. हबकडून येणारे ग्राउंड आता फक्त सिग्नल आणि सेन्सरपुरते आहे. दोन्ही रिले चालू आणि आठही सेन्सरची मोजणी एकदम सुरू असताना दोन टोकांच्या ग्राउंडमधला फरक 40 मिलिव्होल्टच्या वर जात नाही. 3 ॲम्पिअरचा अ‍ॅडॉप्टर कपाटात पडून आहे.