संत्र्याची साल

"साल पण खाली न्यायची? कुजून जाईल की ती इथंच!" बाबा रेंजरबाईंशी चक्क हुज्जत घालत होते. इंग्रजीत, पण सूर अस्सल सातारी.

बाई शांतपणे म्हणाल्या, "नऊ हजार फुटांवर कुजायला फार वेळ लागतो. आणि इथल्या खारींना संत्र्याची सवय नकोय."

दक्षिण कॅलिफोर्नियातलं माउंट सॅन हसिंटो स्टेट पार्क. पाम स्प्रिंग्जच्या वाळवंटातून रोपवेनं ८,५१६ फुटांवर यायचं, मग तंबू पाठीवर टाकून राउंड व्हॅलीपर्यंत चालायचं. गाडी नाही, वीज नाही, शेकोटीला बंदी. आणि परमिट हवंच.

हे परमिट बाबांना वाटभर टोचत होतं. "डोंगरावर झोपायला परवानगी कसली?" तरुणपणी हरिश्चंद्रगडाच्या गुहेत पथारी टाकताना त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं.

रात्री मात्र सालं, चहाचा चोथा, सगळं त्यांनीच पिशवीत बांधलं. (गाठ अशी मारली की मला सुटेना.)

सकाळी आजूबाजूला फेरी मारून आले. "एक रॅपर नाही गं कुठं. कोकणकड्यावर गेल्या खेपेला मॅगीची पाकिटं मोजायची सोडून दिली मी."

मग जरा थांबून, "पण रात्री कुणी 'जेवलात का' म्हणून विचारलंही नाही."

तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय. गडावर अनोळखी माणूस पिठलं-भाकरीत वाटेकरी करून घेतो, आणि त्याच गडावर पाकिटांचा खच. इथं सगळं लखलखीत, शेजारच्या तंबूशी बोलणं म्हणजे हात हलवण्यापुरतं.

दोन्ही एकत्र मिळेल असा डोंगर कुणाला माहीत आहे का?