तटाच्या आतलं गॉल

गॉल, शुक्रवार, रात्रीचे साडेदहा

हे झोपलेत. मी खिडकीशी दिवा लावून लिहीत बसलेय. लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला मुलांनी श्रीलंकेतल्या गॉलच्या किल्ल्यातल्या या हॉटेलातल्या दोन रात्री भेट दिल्या. एरवी एका रात्रीला एवढे पैसे मोजायला माझा हात धजला नसता.

ही मूळची डचांची सतराव्या शतकातली इमारत. त्यांचे अधिकारी इथे राहत. पुढे इंग्रजी अमलात, १८६० च्या दशकात, तिचं न्यू ओरिएंटल हॉटेल झालं आणि आगबोटीचे उतारू इथे मुक्काम करू लागले. आता नाव अमनगल्ला. उंच छत, खोल व्हरांडा, पांढऱ्या भिंती. मला मात्र सगळ्यात आवडली ती लाकडी जमीन. मी चपला काढून अनवाणी चालून पाहिलं. थंडगार, गुळगुळीत, आईच्या जुन्या पोळपाटासारखी. कितीजणांनी ती आजवर पुसली असेल, कोण जाणे.

दुपारी रिक्षाने जुन्या दरवाजातून आत शिरलो. बाहेरच्या अंगाला इंग्रजांचं राजचिन्ह. आत येऊन मागे वळून पाहिलं तर डचांचं: दोन सिंह, मधे व्हीओसी (डच ईस्ट इंडिया कंपनी) ही अक्षरं, वर कोंबडा आणि साल १६६९. रिक्षावाल्याला थांबायला सांगून मी उतरले आणि बराच वेळ तिथेच उभी राहिले. ह्यांना वाटलं, उन्हाने चक्कर आली.

कसं सांगू ह्यांना? मी वसईची. किल्ला म्हणजे शाळेची सहल, तटावर बसून खाल्लेले डबे आणि घरी येईपर्यंत पायाला चिकटलेली कुसळं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तो अभिमान आमच्या रक्तात आहे आणि तो मी सोडणार नाही. पण त्या तटाच्या आत एक अख्खं शहर नांदत होतं, रस्ते होते, चर्चं होती, इस्पितळ होतं, हे मला लहानपणी कधी जाणवलंच नाही. दिसायच्या त्या बिनछपराच्या भिंती आणि त्यांत मुळं रोवलेले वड-पिंपळ. आज पहिल्यांदा त्याच पोर्तुगीजांनी सुरू केलेल्या दुसऱ्या एका किल्ल्यात शिरले, तर आत दोरीवर कपडे वाळत होते. शाळा सुटली होती. पांढऱ्या गणवेशातल्या मुली वेण्या उडवत घरी चालल्या होत्या.

गॉलचा किल्ला पोर्तुगीजांनी १५८८ मध्ये बांधायला घेतला. १६४० मध्ये डचांनी तो जिंकला आणि दालचिनीच्या व्यापारासाठी असा भक्कम केला की चौदा बुरूज अजून समुद्राला तोंड देऊन उभे आहेत. १७९६ मध्ये इंग्रज आले. मग १८८० च्या दशकात कोलंबोचं नवं बंदर उभं राहिलं, बोटी तिकडे वळल्या आणि गॉल मागे पडलं. मागे पडलं म्हणूनच राहिलं, असं मला आज फार वाटतंय. मुंबईचा कोट भरभराटीच्या वाटेत आला, तर १८६० च्या दशकात तटच पाडून टाकला. चर्चगेट म्हणताना तिथे खरंच दरवाजा होता, हे आता कुणाच्या मनातही येत नाही. वसईत तट उभा आहे, माणसं गेली. इथे दोन्ही आहेत.

शनिवार, रात्र

पहाटे साडेपाचला उठून एकटीच तटावर गेले. मशिदीतून बांग झाली. ती मशीद पांढरीशुभ्र, लांबून चर्चच वाटावी अशी. समोर दीपगृह, मागे समुद्र. माणसं फेऱ्या मारत होती, कुत्री झोपली होती. मी पूर्वेकडच्या बुरुजावर उजाडेपर्यंत बसले.

न्याहारीला शेवया (इथे म्हणतात इंदिआप्पा), खोबऱ्याची झणझणीत लाल चटणी आणि म्हशीचं घट्ट दही, त्यावर काळसर पाक. पाक कसला म्हणून विचारलं, तर किथुलचा. झाड दाखवलं. अहो, हा तर आमचा भेर्लीमाड! वसई-कोकणात त्याची माडी काढतात, इथे रस आटवून पाक करतात. वाढणाऱ्या मुलाने पाव आणला आणि म्हणाला, ‘पान’. मग मी त्याला एकेक वस्तू दाखवून नावं विचारत सुटले. टेबल मेसय, खिडकी जनेलय, कपाट अलमारिय, त्याच्या अंगातला सदरा कमिसय. किल्ला हातचा गेला तरी पोर्तुगीज आपले शब्द मागे ठेवून गेले, तिथेही आणि इथेही. तो मला मॅडम म्हणत होता. मोठ्या बहिणीला काय म्हणतोस, विचारलं. म्हणाला, ‘अक्का’. म्हटलं, मग मलाही तेच म्हण.

दुपारी शेजारच्या डच चर्चमध्ये गेलो, १७५५ चं. जमिनीत थडग्यांच्या शिळा बसवल्यात. मला त्यांवर पाय ठेववेना, भिंतीच्या कडेकडेने चालले.

लेन बान नावाची गल्ली आहे, म्हणजे दोर वळणाऱ्यांची. तिथे एका पायरीवर एक आजी सुपात तांदूळ निवडत होती. तिच्या एका बाजूला दागिन्यांचं दुकान, दुसऱ्या बाजूला कॉफीचं. तिचं दार तेवढं जुनं, रंग उडालेलं. ही आजी गेल्यावर या घराचं काय होईल, हा विचार दिवसभर सुटला नाही. पैसा आला म्हणून घरं डागडुजी होऊन उभी राहिली, हे खरं. त्याच पैशाने राहणारे एकेक करून बाहेर जातात, हेही खरं. आणि मी स्वतः त्या पैशाच्या बाजूने इथे आलेय. सगळी घरं हॉटेलं झाली तर हा किल्ला सुंदर दिसेल, पण संध्याकाळी शाळेतून कुणी घरी येणार नाही. मला ते नको आहे, अगदी मनापासून नको आहे.

संध्याकाळी न्याहारी वाढणारा तो मुलगा टॉवेल बदलायला आला. तटाबाहेर राहतो. २६ डिसेंबर २००४ ला आठ वर्षांचा होता, आजोबांबरोबर किल्ल्यात आला होता. त्सुनामीची लाट आली तेव्हा तट आडवा आला, आत फारसं काही झालं नाही. बाहेरचा बसस्टँड मात्र पाण्याखाली गेला, बस काड्यापेट्यांसारख्या तरंगत होत्या. त्याचं घर गेलं. घरातली माणसं वाचली, शेजारची तिघं नाही. सांगताना तो टॉवेलची घडी घालत होता. घडी झाली, परत उलगडली, पुन्हा घातली. मी त्याच्या हातातून टॉवेल घेतला आणि त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही.

निघताना दारात म्हणाला, ‘गिहिल्ला एन्नं, अक्का.’ अर्थ विचारला. ‘जाऊन येतो.’ इथे निरोप घेताना असंच म्हणतात.

रविवार, सकाळ

सामान रिक्षात गेलं. त्या मुलाची आज सुट्टी. दरवाजाशी रिक्षा थांबवून कोंबड्याचा आणि १६६९ चा फोटो काढला, वसईला दादाला पाठवायचाय. लेन बानमधली आजीची ती पायरी रिकामी होती, पण दार उघडं होतं आणि आतून फोडणीचा वास येत होता. ह्यांनी विचारलं, ‘झालं का तुझं?’

‘येते,’ मी म्हटलं, त्या दाराकडे बघून.