विजापूरची सहल आणि दोन रकान्यांची वही

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला. घंटा, प्रार्थना, गणिताच्या बाईंचा धाक यावर बाकीचे लिहितीलच. मी नववीच्या सहलीवर लिहिते.

आमची सहल विजापूरला गेली होती. पहाटे अंधारातच लाल डबा शाळेच्या पटांगणातून निघाला. सोलापूर मागे पडलं, टाकळीजवळ भीमा ओलांडली आणि दुकानांच्या पाट्या कानडीत दिसायला लागल्या. मागच्या बाकांवरच्या मुलांचा आवेश अफझलखानाच्या गावावर चालून निघाल्यासारखा होता, घोषणांवर घोषणा. इतिहासाच्या सरांनी त्यांना मनसोक्त ओरडू दिलं आणि मग सहज विचारलं, "शहाजीराजे कुणाच्या दरबारात सरदार होते रे?" बस जरा वेळ शांत झाली.

सहलीआधी सरांनी प्रत्येकाला वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारायला लावली होती. डावीकडे ‘लिहिलेलं’, उजवीकडे ‘ऐकलेलं’. गाइड सांगेल ते सगळं टिपायचं, पण कोणत्या रकान्यात ते ज्यानं त्यानं ठरवायचं. सहलीलासुद्धा अभ्यास, म्हणून आम्ही कुरकुरलोच.

गोलघुमटाला आम्ही दार उघडता उघडताच पोचलो. सरांचा हट्टच होता तो. गर्दी झाली की तिथं नुसता कल्लोळ उरतो, काही ऐकू येत नाही. कोपऱ्यातल्या मनोऱ्याचा अरुंद, उंच पायऱ्यांचा जिना चढून वरच्या सज्जात गेलो. सरांनी सगळ्यांना भिंतीला टेकून बसवलं. एक मैत्रीण पार समोरच्या बाजूला, खाली भलीमोठी पोकळी, आणि तिनं वहीचा कागद फाडला तो माझ्या कानाशी फाटला. मी दचकून मागे बघितलं, तर मागे भिंत! घुमट आतून सुमारे १२४ फूट रुंद आणि मध्ये एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी चौकोनी दालनाचं हळूहळू वर्तुळ केलंय आणि त्यावर घुमट बसवलाय. हे सरांनी सज्जाच्या फरशीवर खडूनं काढून दाखवलं आणि पहारेकऱ्याची नजर वळायच्या आत रुमालानं पुसूनही टाकलं.

आवाज सात वेळा घुमतो, असं गाइड म्हणाला. सरांनी एकाला एकच टाळी वाजवायला सांगितली आणि आम्हाला मोजायला लावली. कुणाचे पाच आले, कुणाचे सात, एकाचे नऊ. मग हे कुठल्या रकान्यात? सरांनी पानाच्या तळाशी तिसरा रकाना काढायला लावला, ‘आपण मोजलेलं’.

खाली चौथऱ्यावर विजापूरचा सुलतान मुहम्मद आदिलशहाची कबर आहे. खऱ्या कबरी तळघरात आहेत, वर दिसतात त्या नुसत्या खुणेच्या. दारावरच्या शिलालेखातून त्याच्या मृत्यूचं साल मिळतं, १६५६. ते डावीकडे गेलं. घुमट बांधणारा दाभोळचा याकूत, असं म्हणतात. ते उजवीकडे. कबरींमध्ये एक रंभा नावाच्या नर्तकीची. बादशहानं ‘माझ्यासाठी उडी मारशील?’ असं विचारलं आणि तिनं वरच्या सज्जातून उडी घेतली, ही गोष्ट गाइडनं रंगवून सांगितली. आम्ही मुली भारावलो, मुलं खिदळली, सर चष्मा पुसत राहिले. उडी अर्थात उजवीकडे गेली. पण शाही कबरींच्या ओळीत एका नर्तकीला जागा मिळाली, ही गोष्ट मला उडीपेक्षा मोठी वाटली. आजही वाटते.

जुम्मा मशीद आणि बारा कमान घाईत उरकली. जेवायला कडक भाकरी, शेंगाचटणी आणि कुणाच्या तरी आईनं दिलेल्या धपाट्यांचा डबा, जो आमच्यापर्यंत आला तेव्हा रिकामा होता.

शेरझा बुरुजावरची मुलूखमैदान तोफ मात्र सरांची लाडकी. पंचावन्न टनांची काशाची ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती आणि तिथून १६३२ मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेवांनी विजापूरला आणली. तोंडाशी सिंहाचा जबडा, त्यात चिरडला जाणारा हत्ती. हत्तीच्या सोंडेवरून मी बोट फिरवलं. भर दुपारच्या उन्हातही धातू गार लागत होता. तोफेवर ओतणाऱ्याचा, मुहम्मद बिन हुसेन रूमीचा लेख आहे आणि १६८६ मध्ये विजापूर घेतल्यावर औरंगजेबानं कोरून घेतलेला लेखही आहे. ज्यानं जिंकलं त्यानं तोफ वितळवली नाही, तिच्यावर नाव घातलं! इंग्रजांनी १८५४ मध्ये ती लिलावात काढली, तेव्हा सर्वांत चढी बोली दीडशे रुपयांची लागली. सुदैवानं तो व्यवहार रद्द झाला. बत्ती दिल्यावर गोलंदाज कान वाचवायला शेजारच्या पाण्याच्या हौदात उडी मारायचा, हे सगळ्यांनी न विचारताच उजवीकडे लिहिलं. सर खूश झाले.

उन्हं उतरताना इब्राहिम रोजाला, म्हणजे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या मकबऱ्याला, पोचलो. तिथल्या दगडी जाळ्यांमध्ये अक्षरंच कोरलेली आहेत, त्यांतून उजेड आत येतो. पण तोवर आमचे पाय मोडले होते आणि चहाकडे लक्ष होतं. रोजा नीट बघितला तो पुढे लग्नानंतर.

मी भूमी अभिलेख खात्यात नोकरी करते. मोजणीला गेलं की बांधावर दोन्ही बाजूंची माणसं आजोबांनी काय सांगितलं ते तावातावानं सांगतात. ते सगळं आधी ऐकून घ्यायचं आणि नंतरच नकाशा उघडायचा, ही सवय त्या वहीतली. आजोबा चुकतातच असं नाही, हेही सांगते. कधी कधी नकाशाच चुकलेला निघतो.

हल्ली शाळांच्या सहली वॉटर पार्कला जातात असं ऐकते. मुलांनी पाण्यात खेळावं, माझी ना नाही. पण विजापूर आपल्यापासून दूर नाही. न्यायचं झालं तर रविवार टाळा, गोलघुमटाला दार उघडायच्या वेळेला हजर राहा आणि धपाट्यांचा डबा पुढच्या बाकावरून फिरवायला सुरुवात करू नका.