ट्रेलरचे टायर: नक्षी शाबूत असली तरी बदला

ट्रॅव्हल ट्रेलरचे (गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराचे) टायर झिजून क्वचितच जातात. उभ्याउभ्याच म्हातारे होतात. म्हणून नक्षीआधी साइडवॉलवरच्या, म्हणजे टायरच्या बाजूवरच्या, डीओटी कोडचे (DOT अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडचे) शेवटचे चार आकडे वाचा. 2319 म्हणजे 2019 चा 23वा आठवडा. बाहेरून ते दिसले नाहीत तर टॉर्च घेऊन खाली वाका, पूर्ण कोड कित्येकदा आतल्याच बाजूला असतो. पाच-सहा वर्षं झाली की सरळ बदला.

दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर जास्त. एकच कड गेली असेल तर एक्सल (चाकं जोडणारा आडवा दांडा) वाकलाय किंवा चाकांचा कोन बिघडलाय. तो दुरुस्त न करता नवा टायर घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

ओढणाऱ्या गाडीत हिचचा (ट्रेलर जोडायच्या सांध्याचा) भार मागच्या टायरांवर येतो, आधी तेच बघा.

नव्या टायरसोबत व्हॉल्व्हही नवा घ्या. साधा रबरी व्हॉल्व्ह 65 पीएसआयपर्यंतच (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) चालतो, 80 ला धातूचा किंवा जास्त दाबाचा हवा. हवा भरायची ती टायर थंड असतानाच. आणि चाक बसवल्यावर साधारण 80 किलोमीटरनंतर नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोर लावून आवळायच्या पान्याने) पुन्हा आवळा. ते थोडे सैलावू शकतात.