लोपेच्या नकाशावरचा एक ठिपका

मध्य आफ्रिकेतल्या गॅबॉन देशात लोपे राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात मी काही महिने एकाच मुंगीच्या नोंदी घेत होते. वास्मानिया ऑरोपंक्टाटा हे तिचे शास्त्रीय नाव. फ्रेंच बोलणारे लोक तिला ‘विजेची मुंगी’ म्हणतात. लांबी जेमतेम दीड मिलिमीटर, रंग सोनेरी तपकिरी, चाल संथ. ती मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातली. १८६३ मध्ये क्यूबातल्या नमुन्यांवरून तिचे पहिले वर्णन झाले आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच ती गॅबॉनमध्ये पोहोचल्याची नोंद झाली. ती जिथे बस्तान बसवते तिथल्या देशी मुंग्या दिसेनाशा होतात, आणि या भागातल्या काही हत्तींच्या डोळ्यांत पडलेल्या फुलाचा, म्हणजे बुबुळावरच्या पांढऱ्या डागाचा, संबंध अभ्यासकांनी तिच्या दंशाशी जोडलेला आहे.

या मुंगीचा नकाशा करताना एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. तिच्या राण्या मीलनासाठी हवेत उडत नाहीत. मीलन घरट्यातच होते आणि नवी राणी थोड्या कामकरी मुंग्यांसह शेजारी पायी सरकते. त्यामुळे तिच्या सलग क्षेत्राची कड फार हळू पुढे जाते. त्या कडेपासून दूर कुठे ती सापडली, तर बहुधा माणसानेच ती तिथे नेलेली असते: लाकडाच्या ओंडक्यांतून, मातीतून, रोपांतून. म्हणून कड जितक्या काळजीने आखायची, तितक्याच काळजीने कडेपलीकडची रिकामी ठिकाणेही तपासायची असतात.

जुलैतला तो दिवस कोरड्या हंगामातला होता. तिथे या हंगामात ऊन कडक नसते. आभाळ दिवसभर राखाडी असते आणि पाऊस पडत नाही. आम्ही वाटेच्या कडेने वीस-वीस मीटरवर शेंगदाण्याचे लोणी लावलेल्या काड्या टेकवत गेलो आणि पाऊण तासाने त्याच क्रमाने परत येऊन काडीवरच्या मुंग्या इथेनॉलच्या कुप्यांत झटकल्या. प्रत्येक कुपीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाकायची. शाईची अक्षरे इथेनॉलमध्ये विरघळून जातात. आमचा वाटाड्या जुना शिकारी होता. झुडपाला धक्का लागला की या मुंग्या पानांवरून मानेवर गळतात हे त्याला कुणी शिकवावे लागले नव्हते, म्हणून तो एकेक फांदी काठीने बाजूला करत चालत असे.

दुपारी एका वस्तीजवळच्या, ज्ञात कडेपासून बऱ्याच किलोमीटरवरच्या काड्या उचलताना दोन कुप्यांनी माझे लक्ष वेधले. एकीत अगदी बारीक, पिवळट मुंग्या होत्या. तिच्या चिठ्ठीवर मी प्रश्नचिन्ह काढले आणि त्यानंतर दिवसभर तीच कुपी मनात घोळत राहिली. दुसरी कुपी वस्तीतल्या राजेळीसारख्या मोठ्या केळीच्या बुंध्याजवळची होती. भिंगातून धडावरचे काटे दिसले, त्यावरून मी तिच्यावर ‘टेट्रामोरियम’ लिहिले. तो वंश आफ्रिकेत विपुल आहे आणि त्याच्या अनेक जातींना असे काटे असतात.

रात्री जनित्र सुरू झाल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली आधी प्रश्नचिन्हाची कुपी घेतली. शृंगिकेच्या, म्हणजे डोक्यावरच्या स्पर्शांगाच्या, टोकाचे दोन खंड फुगून गदेसारखे झालेले पाहिले आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण विजेच्या मुंगीचीही गदा दोनच खंडांची असते. पण मुंगी कुशीवर वळवून पाहिल्यावर विजेच्या मुंगीच्या धडावर असतात तसे लांब काटे कुठेच दिसेनात. डोळ्याच्या जागी एक बारीकसा ठिपका होता आणि शृंगिकेचे खंड मोजले तर ते नऊच भरले. विजेच्या मुंगीला अकरा असतात. ही कॅरेबारा वंशातली, मातीत राहणारी देशी मुंगी होती. मला इतके हायसे वाटले की उरलेल्या कुप्या सकाळवर ढकलाव्यात असे मनात आले.

तशा त्या ढकलल्या नाहीत, एवढेच. केळीजवळची कुपी उघडली. टेट्रामोरियमची गदा तीन खंडांची असते. मी चिमट्याच्या टोकाने शृंगिका सरळ केली आणि मोजले: दोन. दुसरी मुंगी घेतली: पुन्हा दोन, एकूण खंड अकरा. डोके वळवले तेव्हा शृंगिका मिटून बसण्याची लांबट खाच दिसली, धडाच्या मागे लांब टोकदार काटे दिसले, आणि बाजूने पाहिल्यावर कंबरेची पहिली गाठ कुऱ्हाडीच्या पात्यासारखी चौकोनी, समोरून ताठ उभी दिसली. संशयाला जागाच उरली नाही. मी चिठ्ठी बदलली, पण चुकीची जुनी चिठ्ठीही नोंदवहीत चिकटवून ठेवली. शेतातल्या भिंगावर विसंबून मी ते ठिकाण ‘नाही’ म्हणून सोडणार होते, आणि नकाशावरच्या अशा खोट्या शून्याचे नुकसान खोट्या ठिपक्याहून फार मोठे असते. ठिपका तपासायला कुणीतरी परत जातो, शून्य तपासायला कुणी जात नाही.

सकाळी आम्ही त्या वस्तीवर परतलो आणि केळीभोवती दहा-दहा मीटरवर काड्या लावल्या. परसातल्या आणि मागच्या वाटेवरच्या काड्या सोनेरी मुंग्यांनी भरल्या. त्यापलीकडे देशी मुंग्यांची नेहमीची सरमिसळ होती. वाळके आवरण बुंध्यापासून अलगद सोलले तेव्हा आत पांढऱ्या अळ्या आणि कोष दिसले, आणि त्यांच्यात कामकरी मुंग्यांच्या दुप्पटतिप्पट लांबीच्या, गडद रंगाच्या कितीतरी राण्या. उजेड पडताच कामकरी मुंग्या अळ्या तोंडात धरून सावकाश सावलीकडे निघाल्या.

घरमालकीण वयस्क होत्या. वाटाड्या त्यांना ‘मामाँ’ म्हणत होता. हे मुनवे कुठून आणले असे त्याने विचारले, तेव्हा बहिणीच्या शेतातून, मागच्या वर्षी पहिल्या पावसात, असे त्यांनी सांगितले आणि बाही वर करून दंडावरचे लाल पुरळ मला दाखवले. घड उतरवताना मानेला आणि हाताला आग होते, ती या रोपांबरोबरच आली, हे त्यांना तेव्हापासूनच ठाऊक होते. मी नोंदवहीत त्या ठिपक्यापुढे बहिणीच्या गावाचे नाव आणि लागवडीचा हंगाम लिहिला, आणि आम्ही काड्या गोळा करून त्या गावाच्या वाटेला लागलो.