फरशीला चिकटवलेला लॅपटॉप

माझा जुना थिंकपॅड गेले तीन आठवडे रात्रंदिवस चालू आहे. स्क्रीन बंद, आणि खाली दुहेरी चिकटपट्टी लावून तो थेट फरशीवर बसवलाय. जमीन हलली तर टिपून ठेवायचं, एवढंच त्याचं काम.

या पिढीच्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क वाचवायला एक्सेलरोमीटर, म्हणजे वेगातला बदल मोजणारा सेन्सर, असतो. लॅपटॉप हातातून निसटला की तो ते ओळखतो आणि आपटायच्या आत डिस्कचं हेड बाजूला घेतलं जातं. हाच सेन्सर भूकंपासाठी वापरायचं एलिझाबेथ कॉक्रन आणि जेसी लॉरेन्स या भूकंपशास्त्रज्ञांनी मनावर घेतलं आणि २००८ मध्ये क्वेक-कॅचर नेटवर्क सुरू झालं. स्वयंसेवकांचे लॅपटॉप त्यात होतेच. ज्यांच्या संगणकात सेन्सर नव्हता त्यांच्यासाठी यूएसबीला जोडायचा छोटा सेन्सर होता. २०१० मध्ये चिलीत ८.८ चा भूकंप झाल्यावर असे सेन्सर तिथे नेऊन नंतरचे धक्के नोंदवले गेले.

पहिले दोन दिवस मी लॅपटॉप टेबलावर ठेवला होता. आलेखात दिसत होतं ते फक्त टेबलावरचं माझं लिहिणं. फरशीवर आणल्यावर रेषा शांत झाली. माझा प्रोग्रॅम ताज्या अर्ध्या सेकंदाची हालचाल मागच्या अर्ध्या मिनिटाच्या सरासरीशी ताडून बघतो आणि प्रमाण एकदम वाढलं की नोंद करतो. तरी नुसतं दार आपटलं का खरंच भूकंप झाला, हे एकट्या यंत्राला कळायचा मार्ग नाही. दूरदूरचे पन्नास लॅपटॉप ओळीने, काही सेकंदांच्या फरकाने हलले, तरच ते दार नव्हे. म्हणून घड्याळाला फार महत्त्व. भूकंपाची सगळ्यात आधी पोचणारी पी लहर पृथ्वीच्या कवचातून सेकंदाला साधारण ६ किलोमीटर जाते. घड्याळ एक सेकंद चुकलं तर धक्का कुठून आला याचा हिशेब तेवढ्याच किलोमीटरने चुकतो.

त्सुनामीची लाट मात्र हा सेन्सर मोजू शकत नाही. त्यासाठी समुद्रतळावरच्या दाबमापकांसारखी साधनं हवीत. पण इशारा लाटेच्या आधी भूकंपावरून द्यावा लागतो, आणि तिथे या स्वस्त सेन्सरची किंमत मला कळली. ११ मार्च २०११ ला जपानने तीन मिनिटांत इशारा दिला, पण तो ७.९ तीव्रता धरून. खरी तीव्रता ९.० होती, म्हणजे सुमारे ४५ पट ऊर्जा. देशातले अतिसंवेदनशील भूकंपमापक इतक्या जवळच्या धक्क्याने मर्यादेबाहेर गेले होते, त्यामुळे आकडा लवकर सुधारता आला नाही आणि लाटांच्या उंचीचे पहिले अंदाज कमी निघाले. लॅपटॉपमधला सेन्सर बारीक थरथर ऐकतच नाही. तो पडण्यासाठी, आपटण्यासाठी बनवलेला आहे, त्यामुळे जोराच्या हादऱ्यातही त्याचे आकडे शाबूत राहतात.

२६ डिसेंबर २००४ ची लाट श्रीलंकेला पोचायला सुमारे दोन तास लागले. चार किलोमीटर खोल पाण्यात त्सुनामी ताशी ७०० किलोमीटरच्या आसपास धावते. जमिनीतली पी लहर तिच्या तीसपट तरी वेगाने. धक्क्याची बातमी पाण्याच्या कितीतरी पुढे होती. ती किनाऱ्यावरच्या माणसांपर्यंत गेली नाही. मी हा खटाटोप करते तो त्या दोन तासांमुळे.

फिरते भाग नसलेल्या एसएसडी आल्या, डिस्क वाचवायची गरज संपली आणि बहुतेक लॅपटॉपमधून हा सेन्सरही गेला. आता ते काम फोन करतात: बर्कली विद्यापीठाचं मायशेक हे अ‍ॅप २०१६ पासून, आणि २०२० पासून अँड्रॉइडमधली भूकंप ओळखायची सोय. तरी फोन खिशात फिरतो. चिकटवलेला लॅपटॉप हलत नाही, म्हणून मी तो सोडलेला नाही.

काल एक गोष्ट लक्षात आली. थिंकपॅडच्या सेन्सरला दोनच अक्ष आहेत, दोन्ही आडवे. खालून येणारी पी लहर मुख्यतः वर-खाली हलवते, म्हणजे सगळ्यात आधी पोचणारी लहरच माझ्या नोंदीतून निसटत होती. आज सकाळी चिकटपट्टी सोडवून लॅपटॉप भिंतीलगत कडेवर उभा केला. एका रेषेवर आता गुरुत्वाकर्षणाचा आकडा स्थिर दिसतोय.